विश्लेषण : लिंक्डइनवर दिलेली शिफारस बदलायची की काढून टाकायची?

नोकरी बदलताना, प्रकल्प संपताना किंवा कर्मचारी कपातीत हातात नारळ मिळाल्यावर एखादा सहकारी विचारतो, ‘सर, लिंक्डइनवर माझ्यासाठी दोन ओळी लिहाल का?’ कधी मनापासून, कधी भिडेखातर त्या ओळी लिहिल्या जातात. लिहिणारा काही दिवसांत त्या विसरतो. ओळी मात्र समोरच्याच्या प्रोफाइलवर तशाच राहतात आणि वर्षानुवर्षे वाचल्या जातात. दरम्यान दोघांच्या नोकऱ्या आणि पदे बदलतात, कधी संबंधही बदलतात. क्वचित अशी माहिती पुढे येते की त्या ओळींखाली आपले नाव नको, असे वाटू लागते. अशा वेळी दिलेली शिफारस बदलता येते का, काढून टाकता येते का, आणि तसे करणे योग्य कधी ठरते?

लिंक्डइनवरील शिफारस म्हणजे नेमके काय?

लिंक्डइन ही नोकरी-व्यवसायासाठीची समाजमाध्यम सेवा मे २००३ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतली. आज तिचे जगभरात १०० कोटींहून अधिक सदस्य आहेत. भारतातील सदस्यसंख्या १० कोटींच्या पुढे गेली असून अमेरिकेनंतर भारत ही तिची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. नोकरभरती करणाऱ्या अनेक कंपन्यांचे मनुष्यबळ अधिकारी उमेदवाराचा बायोडेटा हातात आल्यावर पहिल्यांदा त्याचे लिंक्डइन प्रोफाइल उघडतात.

त्या प्रोफाइलवर दुसऱ्यांनी दिलेल्या दोन प्रकारच्या पसंत्या दिसतात. पहिली ‘एंडोर्समेंट’. ही सोय सप्टेंबर २०१२ मध्ये आली. एखाद्याच्या कौशल्याच्या यादीतील ‘जावा’ किंवा ‘अकाउंटिंग’ यासमोर एक टिचकी मारली की झाले. तिच्यात शब्द नसतात, त्यामुळे तिला वजनही बेताचेच. दुसरी ‘रेकमेंडेशन’, म्हणजे लिखित शिफारस. ती लिहिणाऱ्याच्या नावानिशी, छायाचित्रासह आणि तारखेसह दिसते. दोघांचे कामातले नाते काय होते, कोण कोणाच्या हाताखाली होते, हेही तिच्यासोबत नोंदलेले असते. जुन्या काळी साहेबाच्या सहीचे शिफारसपत्र फायलीत जपून ठेवले जाई. ही शिफारस त्याचेच नवे रूप आहे. फरक एवढाच की ते पत्र ज्याला दाखवावे त्यालाच दिसे आणि ही शिफारस प्रोफाइल उघडणाऱ्या कोणालाही दिसते.

जुनी शिफारस आज अडचणीची का ठरते?

समजा, हिंजवडीतील एका आयटी कंपनीत टीम लीड असलेल्या व्यक्तीने २०१६ मध्ये आपल्या गटातील नवख्या टेस्टरसाठी लिहिले, ‘हिला कोणत्याही कंपनीने डोळे झाकून घ्यावे.’ आज तो टीम लीड दुसऱ्या कंपनीत उपाध्यक्ष आहे. शिफारशीवर तारीख २०१६चीच आहे आणि नातेही तेव्हाचेच नोंदलेले आहे. पण लिहिणाऱ्याच्या नावाखाली जी ओळ दिसते, ती त्याच्या प्रोफाइलवरची आजची ओळ असते. वाचणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. टीम लीडने लिहिलेले वाक्य आता उपाध्यक्षाचे म्हणून वाचले जाते. लिहिणाऱ्याचे पद वाढले, तसे त्याच्या जुन्या शब्दांचे वजनही त्याच्या नकळत वाढले.

दुसरी अडचण मजकुराची. ती टेस्टर आज प्रॉडक्ट मॅनेजर असेल, तर तिच्या चाचणी कौशल्याचे कौतुक खोटे नसले तरी तिच्या फारसे उपयोगाचे राहिलेले नसते. कधी शिफारशीत आधीच्या कंपनीच्या ग्राहकाचे नाव, प्रकल्पाचा खर्च किंवा अंतर्गत प्रणालीचा तपशील गेलेला असतो. नोकरीच्या करारातील गोपनीयतेच्या अटी बहुधा नोकरी सोडल्यानंतरही लागू राहतात, याचा लिहिताना विसर पडतो.

तिसरी अडचण लिहिणाऱ्याच्या विश्वासार्हतेची. कर्मचारी कपातीच्या लाटेत अनेक व्यवस्थापकांनी आपल्या गटातील प्रत्येकासाठी शिफारस लिहिली. हेतू चांगला होता. पण दहा जणांसाठी ‘माझ्या कारकिर्दीत पाहिलेला सर्वोत्तम सहकारी’ हेच वाक्य असेल, तर दहाही शिफारशी निकामी होतात. त्यात ज्याच्याबद्दल ते वाक्य खरे होते, त्याचेच नुकसान सर्वाधिक होते.

आणि शेवटची, सर्वांत गंभीर अडचण म्हणजे ज्याची शिफारस केली त्याच्या वर्तनाबद्दल नंतर कळलेली माहिती. आर्थिक गैरव्यवहार, खोटी प्रमाणपत्रे किंवा सहकाऱ्यांचा छळ अशी बाब पुढे आली, की ‘अत्यंत प्रामाणिक’ या दोन शब्दांखालचे स्वतःचे नाव खुपू लागते.

कोणाच्या हातात काय असते?

शिफारस लिहिण्यासाठी दोन्ही व्यक्ती एकमेकांशी थेट जोडलेल्या असाव्या लागतात. लिहिलेली शिफारस लगेच झळकत नाही. ज्याच्यासाठी लिहिली, त्याने ती स्वीकारली तरच ती त्याच्या प्रोफाइलवर येते. ती न स्वीकारण्याचा, दुरुस्ती करून मागण्याचा आणि स्वीकारल्यानंतरही नको वाटल्यास लपवून ठेवण्याचा अधिकार त्याला असतो. मात्र त्या मजकुरातील एक अक्षरही त्याला स्वतः बदलता येत नाही.

शब्द लिहिणाऱ्याचे, त्यामुळे ते बदलण्याचा आणि मागे घेण्याचा अधिकारही लिहिणाऱ्याचा. काढून टाकण्यासाठी समोरच्याची परवानगी लागत नाही, कारण द्यावे लागत नाही आणि मुदतही नसते. दहा वर्षांपूर्वीची शिफारसही आज काढता येते.

लिहिणाऱ्याला आणखी एक सोय असते. त्याने दिलेल्या शिफारशी त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलवरही दिसतात, त्या तिथून लपवता येतात. पण ही सोय अनेकांना फसवते. स्वतःच्या प्रोफाइलवरून शिफारस लपवली, म्हणून ती समोरच्याच्या प्रोफाइलवरून जात नाही. लपवणे आणि काढून टाकणे ही दोन वेगळी कामे आहेत.

फोनवरून बदल कसा करायचा?

लिंक्डइनच्या अ‍ॅपची मांडणी अधूनमधून बदलत असली, तरी मार्ग साधारण असा आहे.

१. अ‍ॅपमध्ये स्वतःच्या छायाचित्रावर टॅप करून प्रोफाइल उघडावे.

२. खाली सरकत ‘रेकमेंडेशन्स’ या विभागापर्यंत जावे. तिथे मिळालेल्या शिफारशींसाठी ‘रिसीव्ह्ड’ आणि दिलेल्या शिफारशींसाठी ‘गिव्हन’ असे भाग असतात.

३. ‘गिव्हन’ निवडावे. आतापर्यंत कोणाकोणासाठी काय लिहिले, याची यादी दिसते. अनेकांना ही यादी पाहूनच आश्चर्य वाटते.

४. हव्या त्या शिफारशीशेजारी पेन्सिलचे चिन्ह शोधावे. त्यातून मजकूर बदलणे, ती स्वतःच्या प्रोफाइलवर दिसू न देणे किंवा काढून टाकणे हे पर्याय मिळतात. अ‍ॅपमध्ये एखादा पर्याय सापडला नाही, तर फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमधून लिंक्डइन उघडून पाहावे.

काढून टाकण्याआधी मूळ मजकूर कुठेतरी उतरवून ठेवावा. एकदा काढलेली शिफारस परत आणता येत नाही, नव्याने लिहावी लागते. लिंक्डइनच्या सेटिंगमधून स्वतःच्या माहितीची प्रत मागवता येते. तिच्यात दिलेल्या आणि मिळालेल्या शिफारशींचाही समावेश असतो. नंतर कधी ‘तुम्ही तेव्हा काय लिहिले होते’ असा प्रश्न निघाला, तर ती नोंद कामी येते.

एक खबरदारी महत्त्वाची आहे. एखाद्याला संपर्कांतून काढले किंवा ब्लॉक केले, की दोघांनी एकमेकांना दिलेल्या शिफारशी आणि एंडोर्समेंटही जातात. पुन्हा संपर्क जोडला तरी त्या परत येत नाहीत. रागाच्या भरात एखाद्याला ब्लॉक करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. समोरच्याच्या प्रोफाइलवरची त्याची शिफारस जाते आणि त्याच माणसाकडून स्वतःला मिळालेली शिफारसही जाते.

बदलावी केव्हा, काढावी केव्हा?

यासाठी एक सोपी कसोटी लावता येते. शिफारस ही त्या व्यक्तीने त्या काळात केलेल्या कामाबद्दल असते. तेव्हाच्या कामाबद्दल जे लिहिले, ते आज माहीत असलेल्या गोष्टी धरूनही खरे आहे का? उत्तर ‘हो, पण शब्द जुने झाले’ असे असेल, तर बदल करावा. ‘हो, पण जरा जास्तच लिहिले गेले’ असे असेल, तरीही बदल करावा. ‘नाही, आता मी हे लिहिणार नाही’ असे असेल, तर काढून टाकावी.

या कसोटीवर अनेक कारणे गळून पडतात. सहकारी प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, त्याने आपल्या गटातील दोघांना सोबत नेले, पगारवाढीवरून वाद झाला, त्याने आपली शिफारस केली नाही, समाजमाध्यमावरील त्याची राजकीय मते पटत नाहीत. यांपैकी कशानेही त्याचे तेव्हाचे काम खोटे ठरत नाही. अशा वेळी शिफारस काढणे म्हणजे दिलेला शब्द रागापोटी परत घेणे. तो राग चार दिवसांत निवळतो, पण काढलेली शिफारस समोरच्याच्या लक्षात राहते.

याउलट काही कारणे शिफारशीच्या मुळावरच येतात. जे काम त्याचे म्हणून गौरवले ते दुसऱ्याच कोणाचे होते, हे नंतर कळणे. पदवी किंवा अनुभव खोटा निघणे. पैशांचा अपहार किंवा लैंगिक छळ सिद्ध होणे. इथे मजकुराला मुलामा देऊन भागत नाही. ‘प्रामाणिक’ हा शब्द वगळून ‘तांत्रिकदृष्ट्या निष्णात’ एवढेच ठेवले, तरी वाचणारा त्याचा अर्थ ‘या माणसाला घ्यायला हरकत नाही’ असाच घेतो.

‘तू माझी लिही, मी तुझी लिहितो’ अशा परस्पर शिफारशींकडेही पुन्हा पाहावे. दोन्हींवर तारखा असतात. एकाच दिवशी एकमेकांना दिलेल्या शिफारशी अनुभवी मनुष्यबळ अधिकारी लगेच ओळखतो आणि त्या मनातून वजा करतो. त्यातील मजकूर खरा असेल तर त्यात ठोस तपशील घालावा. नुसतीच देवाणघेवाण असेल तर दोघांनी बोलून ती काढावी.

बदल करायचा म्हणजे काय लिहायचे?

बदलाचा उत्तम मार्ग म्हणजे विशेषणे कमी करून काळ, काम आणि नाते स्पष्ट करणे. वरच्याच उदाहरणातील जुने वाक्य असे होते : ‘अत्यंत मेहनती आणि हरहुन्नरी. हिला कोणत्याही कंपनीने डोळे झाकून घ्यावे.’

त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘२०१४ ते २०१६ या काळात मी टीम लीड असताना आम्ही विमा दाव्यांच्या प्रणालीवर एकत्र काम केले. चाचणीत सापडलेली प्रत्येक चूक नीट नोंदवणे आणि ती सुटेपर्यंत पाठपुरावा करणे हे तिचे बलस्थान होते. प्रकल्पाच्या शेवटच्या टप्प्यात नव्याने आलेल्या दोघांना तिनेच तयार केले.’

दुसऱ्या मजकुरात कौतुक कमी झालेले नाही, उलट ते विश्वासार्ह झाले आहे. वाचणाऱ्याला कळते की हे मत कोणत्या काळातले आहे आणि लिहिणारा तेव्हा कोणत्या पदावर होता. आजच्या उपाध्यक्षपदाचे उसने वजनही त्यातून निघून जाते. शिवाय त्यानंतर काय घडले, याची हमी लिहिणारा देत नाही. ग्राहक कंपनीचे नाव नसल्याने गोपनीयतेचाही भंग होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने शिफारशीला किती अर्थ आहे?

शिफारस लिहिणे हे सौजन्याचे काम मानले जात असले, तरी तिच्यावर विसंबून तिसरी व्यक्ती निर्णय घेते. ही बाब इतर देशांतील न्यायालयांनी गांभीर्याने घेतली आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेला ‘रँडी डब्ल्यू. विरुद्ध मुरॉक जॉइंट युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा निकाल या विषयात नेहमी सांगितला जातो. एका शाळेच्या उपमुख्याध्यापकाने १३ वर्षांच्या विद्यार्थिनीचा विनयभंग केल्याची तक्रार होती. त्याच्या आधीच्या शाळांच्या अधिकाऱ्यांनी त्याच्यासाठी भरभरून शिफारसपत्रे लिहिली होती. त्याच्याविरुद्धच्या जुन्या तक्रारी ठाऊक असूनही पत्रांत त्यांचा उल्लेख केला नाही, असे विद्यार्थिनीचे म्हणणे होते. शिफारस करणाऱ्याचा त्या मुलीशी काहीही संबंध नव्हता. तरीही न्यायालयाने म्हटले की, शारीरिक इजेचा ठोस आणि आधीच दिसू शकणारा धोका असेल, तर शिफारस लिहिणाऱ्याने त्या व्यक्तीबद्दल दिशाभूल न करण्याचे कर्तव्य तिसऱ्या व्यक्तीप्रतीही असते. शिफारसपत्र लिहायचेच नाही, हा मार्ग खुला होता. पण अर्धे सत्य सांगून कौतुक करणे ही दिशाभूल ठरू शकते, हा त्या निकालाचा गाभा.

नाण्याची दुसरी बाजू ब्रिटनमध्ये दिसली. ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स’ या १९९४ च्या खटल्यात आधीच्या कंपनीने दिलेल्या प्रतिकूल अभिप्रायामुळे एका माजी कर्मचाऱ्याला विमा क्षेत्रात काम मिळेनासे झाले होते. माजी कर्मचाऱ्याबद्दल अभिप्राय देताना मालकाने पुरेशी काळजी घेतली पाहिजे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले. म्हणजे खोटे कौतुक जसे महागात पडू शकते, तशी निष्काळजीपणे केलेली निंदाही.

हे निकाल परदेशी आहेत आणि ते लिंक्डइनबद्दल नाहीत, कागदी पत्रांबद्दल आहेत. भारतात ते बंधनकारक नाहीत. पण शिफारशीचे शब्द कोणाच्या तरी निर्णयाचा आधार बनतात, हा विचार इथेही तितकाच लागू आहे.

भारतात शिफारस बदलताना कोणत्या चुका टाळाव्यात?

पहिली चूक म्हणजे कौतुकाची शिफारस बदलून तिथे तक्रार लिहिणे. नवा मजकूर समोरच्याने स्वतःच्या प्रोफाइलवर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. राग दुसरीकडे पोस्ट म्हणून टाकला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ अन्वये बदनामीची तक्रार होऊ शकते. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. शिफारस गुपचूप काढून टाकण्यात मात्र कोणावर आरोप केलेला नसतो. म्हणून गंभीर प्रकरणात शांतपणे काढून टाकणे हाच सुरक्षित आणि सभ्य मार्ग ठरतो.

दुसरी चूक अधिक नाजूक आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील कलम १६ नुसार तक्रारीचा तपशील, तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदारांची ओळख, अंतर्गत समितीची कार्यवाही आणि शिफारशी जाहीर करण्यास मनाई आहे. एखाद्या व्यवस्थापकाला समितीच्या निष्कर्षांची माहिती असेल आणि त्याने त्या कर्मचाऱ्यासाठी पूर्वी शिफारस लिहिली असेल, तर ती काढण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र ‘का काढली’ हे तो जाहीरपणे सांगू शकत नाही. ‘वैयक्तिक निर्णय’ यापलीकडे काही बोलू नये. तक्रारदार महिलेच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. आरोपीच्या प्रोफाइलवर साहेबांचे कौतुक तसेच झळकत राहिले तर ते तिला रोज दिसते. आणि कारण जाहीर झाले तर तिचीच ओळख उघड होण्याची भीती असते.

तिसरी बाब व्यवसायांच्या आचारसंहितेची. वकिलांना थेट किंवा आडून काम मागण्यास, जाहिरात करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ ने मनाई आहे. त्यामुळे समाधानी पक्षकाराने सद्भावनेने लिहिलेली शिफारसही वकिलाला अडचणीत आणू शकते. अमेरिकेत नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागारांवर ग्राहकांची प्रशस्तिपत्रे जाहिरातीत वापरण्याची बंदी १९६१ पासून होती. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या नव्या नियमाने ती अटींसह शिथिल झाली. अशा व्यवसायातील व्यक्तीने ‘ती शिफारस काढता का’ असे विचारले, तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

समोरच्याला आधी सांगावे का?

नियम म्हणून सांगण्याची सक्ती नाही. पण साध्या बदलाच्या वेळी सांगणे हेच बरे. अ‍ॅपकडून त्याला सूचना जाईल, यावर विसंबून राहू नये. एखादा नेमका मुलाखतीच्या फेरीत असेल आणि आदल्या दिवशी प्रोफाइलवरची शिफारस नाहीशी झाली, तर त्याच्याकडे उत्तर नसते. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या मराठी तरुणाची नोकरी गेली, तर नवी शोधण्यासाठी त्याच्या हाती जेमतेम ६० दिवस असतात. त्या काळात प्रोफाइलवरची प्रत्येक ओळ मोलाची असते.

जुन्या कनिष्ठ सहकाऱ्याला असा साधा निरोप पुरतो : ‘अगं, २०१६ मध्ये तुझ्यासाठी लिंक्डइनवर लिहिलं होतं ते परवा वाचलं. आता तुझं काम पुष्कळ पुढे गेलंय. मजकूर जरा नेमका करतोय. कुठल्या कामाचा उल्लेख हवा असेल तर सांग.’

कंपनीला सेवा देणाऱ्या व्यावसायिकाची शिफारस काढायची असेल तर : ‘नमस्कार, मी यापुढे सेवा पुरवठादारांसाठी लिंक्डइनवर शिफारशी ठेवत नाही. तुमच्यासाठी लिहिलेली या आठवड्यात काढतो आहे. तुम्हाला आधी कळवावे म्हणून हा निरोप.’ अर्थात हे खरे असेल तरच लिहावे. एकाचीच काढायची आणि धोरणाचे नाव पुढे करायचे, हे लपत नाही. तसे असेल तर ‘त्या शिफारशीतील मताशी मी आता सहमत नाही, म्हणून ती काढतो आहे’ एवढे एक वाक्य पुरे.

गैरवर्तनाच्या प्रकरणात मात्र कळवण्याची घाई करू नये. चौकशी सुरू असेल तर आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी बोलावे. तक्रारदाराला किंवा साक्षीदाराला त्रास होईल असा कोणताही संदेश लेखी पाठवू नये.

ज्याची शिफारस काढली गेली, त्याने काय करावे?

सर्वप्रथम ती खरोखर काढली गेली का, हे पाहावे. लिहिणाऱ्याने स्वतःचे खातेच बंद केले असेल किंवा संपर्क तुटला असेल, तरी शिफारस दिसेनाशी होऊ शकते. प्रत्येक वेळी त्यामागे नाराजीच असते असे नाही. खात्री झाल्यावर एकदा, सौम्य शब्दांत विचारावे. उत्तर आले नाही तर पुन्हा पुन्हा विचारू नये. ते शब्द मूळ त्याचेच होते.

काढलेल्या शिफारशीचे स्क्रीनशॉट बायोडेटाला जोडणे हा तर आत्मघात आहे. मनुष्यबळ अधिकाऱ्याने लिहिणाऱ्याला फोन केला आणि ‘मी ती मागे घेतली आहे’ असे उत्तर मिळाले, तर उमेदवारी तिथेच संपते. त्यापेक्षा कामाचे इतर पुरावे जपावेत. कंपनीचे अनुभव प्रमाणपत्र, रिलीव्हिंग लेटर आणि वार्षिक मूल्यमापनाच्या प्रती यांवर कोणाच्या मर्जीचा परिणाम होत नाही. शिफारशीही एकाच साहेबाच्या नसाव्यात. सोबत काम केलेला सहकारी, ग्राहक आणि आपल्या हाताखाली काम केलेली व्यक्ती अशा वेगवेगळ्या बाजूंनी आलेले तीन अभिप्राय एका बड्या नावापेक्षा जास्त काही सांगतात.

काढली म्हणजे सगळीकडून गेली का?

नाही. लिंक्डइनच्या वापर अटींनुसार सदस्याने आपला मजकूर काढला की तो वापरण्याची कंपनीला दिलेली परवानगी संपते. पण इतरांनी त्याआधी उतरवून घेतलेला किंवा पुढे पाठवलेला मजकूर त्यातून सुटतो. कंपनीच्या साठवणुकीतून तो जाण्यासही काही काळ लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला स्क्रीनशॉट किंवा एखाद्याच्या संकेतस्थळावर चिकटवलेली तीच वाक्ये राहतात. स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा माहितीपत्रकात ती वाक्ये कोणी वापरत असेल, तर त्याला वेगळे लेखी कळवावे लागते.

पुढची शिफारस लिहिताना काय लक्षात ठेवावे?

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण शिफारशीच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते. काढाव्या लागणाऱ्या बहुतेक शिफारशी भिडेपोटीच लिहिलेल्या असतात. ज्याचे काम स्वतः पाहिले नाही, त्याच्यासाठी लिहू नये. नकार द्यायचा तर लगेच द्यावा : ‘तुमचे काम मी जवळून पाहिलेले नाही, माझ्या लिहिण्याने तुमचा फायदा होणार नाही. ज्यांच्या हाताखाली तुम्ही होता त्यांना विचारा.’ यात अपमान नाही, उलट योग्य वाट दाखवलेली आहे. आणि अनेक कंपन्यांच्या धोरणात कर्मचाऱ्यांनी अधिकृत पदाच्या नावाने अभिप्राय देण्यावर मर्यादा असतात, त्या आधी पाहून घ्याव्यात.

ज्या दिवशी आपला बायोडेटा अद्ययावत केला जातो, त्या दिवशी ‘गिव्हन’ची यादीही एकदा वाचावी. दहा मिनिटांचे काम आहे. प्रत्येक शिफारशीपुढे एकच प्रश्न विचारावा. उद्या एखाद्या अनोळखी मनुष्यबळ अधिकाऱ्याने फोन करून ‘हे तुम्हीच लिहिले आहे ना?’ असे विचारले, तर न अडखळता ‘हो’ म्हणता येईल का? म्हणता येत असेल तर शिफारस राहू द्यावी. अडखळायला होत असेल तर फोन येण्याआधीच ती दुरुस्त करावी किंवा काढून टाकावी. मराठीत कोणासाठी तरी ‘शब्द टाकणे’ म्हणतात. लिंक्डइनवर टाकलेला शब्द वर्षानुवर्षे तिथेच राहतो आणि त्याखाली लिहिणाऱ्याचे नावही राहते, म्हणून तो अधूनमधून तपासून पाहण्याची जबाबदारीही लिहिणाऱ्याचीच.